दाखल्यातली एक ओळ

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दि. ७ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप सरूआत्यास,
गोकुळचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला तर तुला माझं ऐकू येत नाही, आणि मी मोठ्याने बोललो की शाळेच्या आवारातली सगळी पोरं माझ्याकडे बघत राहतात. म्हणून आपलं पत्रच बरं. संस्कृती, आजीला सावकाश वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस आणि स्वतःचं काही घालू नकोस.

शाळेची खबर अशी. पाच तारखेला ईदची सुटी आली म्हणून शिक्षकदिन आम्ही चार तारखेलाच उरकला. सातवीची मुलं त्या दिवशी शिक्षक होतात हे तुला मागे कळवलं होतं. यंदा उजमा नावाच्या मुलीने मला मॅडम व्हायचं नाही, शिपाई व्हायचंय असा हट्ट धरला. सकाळी साडेनऊलाच तिने माझ्याकडून किल्ल्यांचा जुडगा घेतला. पाण्याची टाकी वाजवून बघितली, खिचडीच्या खोलीचं कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि मला बजावलं की, गोकुळदादा, तुम्ही कामात मध्ये मध्ये येऊ नका, जाऊन वर्गात बसा. आत्या, मी खरंच सातवीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. गुडघे बाकात मावत नव्हते.

गणिताला आकाश नावाचा मुलगा सर होता. वडिलांचा शर्ट घालून आला होता, बाह्या बोटांपर्यंत. त्याने नेमकं मलाच उभं केलं आणि पाव अधिक एक तृतीयांश किती ते विचारलं. उत्तर मला येत होतं, पण बोलण्यापेक्षा लिहिणं बरं वाटलं. मग मी फळ्याजवळ जाऊन सात छेद बारा असं लिहिलं आणि तीनदा पडताळून बघितलं. आकाश सरांनी शाबासकी दिली, आणि उद्यापासून केस विंचरून येत जा असंही सांगितलं. आमच्या मुख्याध्यापिका सगीरा मॅडम दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं टाकीची झाकणी राहिली असेल. पण त्यांनी दहावीचं विचारलं. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मी नववी करून शाळा सोडली हे त्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या की शाळा सुटल्यावर रोज एक तास मी शिकवीन, पण भरायचा तर यंदाच भर, कारण मे महिन्यात मी निवृत्त होते. फॉर्मची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर आहे.

मी हो म्हणून बसलो. तेवीस वर्षांचा माणूस नापास झाला तर ज्या मुलांसाठी मी घंटा देतो ती काय म्हणतील? तरी बसायचं ठरवलं आहे. कारण बाकावर बसलो तेव्हा उठावंसं वाटत नव्हतं.

आता तुझं काम. गावच्या शाळेतून माझा शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे. वडील गेले त्या गडबडीत तो आणायचाच राहिला. सोबत अर्ज जोडला आहे, सही केली आहे, आधार कार्डाची नक्कल आहे, आणि माझा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीटही आहे. म्हणजे तुला फक्त शाळेत जाऊन हेडमास्तरांना अर्ज द्यायचा आहे. मला सध्या रजा नाही, दुसरे शिपाई आजारी आहेत.

कृष्णादादा आणि वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस का ते कळव. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझा,
गोकुळ

*

मु. पो. कवठेवाडी, ता. सोयगाव
रविवार, १४ सप्टेंबर

चि. गोकुळला सरूआत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. संस्कृतीनं दोनदा वाचलं. ते आकाश सरांचं ऐकून मला लई हसू आलं, कृष्णा म्हणला आईला काय झालं. केस विंचरायचं त्या पोराला कळतं अन् तुला कळत नाय. मी इतकी वर्सं सांगून थकले.

दहावीचं ऐकून बरं वाटलं. तुझा बाप असता तर गावभर सांगत हिंडला असता. तुमच्या मॅडमला माझा सलाम सांग. बाई मोठ्या मनाची दिसती. तिला सांग, पोरगं लई घाबरट हाय पण कामाला पक्कं हाय.

दाखल्याचं म्हणशील तर मी गेले व्हते. हेडमास्तर ट्रेनिंगला गेलेले हायेत. दुसऱ्या मास्तरानं अर्ज ठेवून घेतला. येत्या आठवड्यात बघू म्हणले. तू घोर करू नको. पण मला एक सांग, त्या दाखल्यावर काय काय लिवलेलं असतं? नाव, जात, जन्मतारीख एवढंच का आणखी बी काय असतं? अन् ते फॉर्मवर जसंच्या तसं उतरवावं लागतं का? सहज विचारते.

पाऊस थांबायचं नाव नाय. कपाशीच्या बोंडांत पाणी घुसलं. गुडघ्याला तेल लावते, पण लावताना हात दुखतो, मग हाताला कोण लावणार?

जेवत जा. खिचडी उरली तर लाजू नको, खा.

तुझी,
सरूआत्या

(काका, आजी सांगते तस्संच मी लिहिते. शुद्ध करून लिहू का विचारलं तर म्हणाली, गोकुळला माझा आवाज ऐकू आला पाहिजे. संस्कृती.)

*

पुंडलिकनगर
रविवार, दि. २१ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप सरूआत्यास,
सा. न. आणि गुडघ्याची चौकशी.

पत्र पोचलं. दाखल्यावर नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आईचं नाव, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख, प्रगती आणि वर्तणूक इतकं असतं. फॉर्मवर सगळं दाखल्याप्रमाणेच भरायचं. एका अक्षराचाही फरक चालत नाही असं मॅडम म्हणाल्या, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तेच छापून येतं, ते जन्मभर. म्हणूनच मी इतका मागे लागलो आहे. काही चूक असली तर वेळेवर कळलेली बरी.

इकडे उद्या घट बसतील. अकरा ऑक्टोबरला शाळेत आनंदनगरी आहे. त्या दिवशी मुलं घरून पदार्थ करून आणतात आणि आवारात मांडून विकतात. उजमाने शीरखुर्म्याचं नाव दिलं आहे, आकाशने भेळ. गॅसची शेगडी आणू नये अशी सूचना मी फळ्यावर लिहिली आहे, तरी तीन जणांनी विचारलं की स्टोव्ह चालेल का. मला आतापासून झोप येत नाही. शिवाय डिसेंबरात वेरूळची सहल ठरते आहे. शंभरच्या वर पोरं आणि दोन बस, मोजणी माझ्याकडे. गेल्या वर्षी मी परतताना एक मुलगा जास्त मोजला होता, तो दुसऱ्याच शाळेचा निघाला.

मॅडमनी शिकवणं सुरू केलं आहे. बीजगणित जमतं. इंग्रजी वाचताना मात्र मला घाम फुटतो. मग त्या खिडकीतून बाहेर बघत बसतात, म्हणजे मला वाटावं की त्या ऐकत नाहीत. पण चुकलं की लगेच वळतात.

आत्या, पंधरा तारीख जवळ आली आहे. हेडमास्तर आले असतील. दहा तारखेपर्यंत दाखला नाही मिळाला तर मी एक दिवसाची बिनपगारी रजा टाकून स्वतःच येईन. तुला त्रास देतो आहे, पण रागावू नकोस.

लोभाची गरज आता जास्तच आहे.

तुझा,
गोकुळ

*

कवठेवाडी
रविवार, २८ सप्टेंबर

चि. गोकुळला सरूआत्याचे आशीर्वाद.

तू उगा रजा टाकून येऊ नको. एवढा प्रवास, वर पाऊस, रस्ते वाहून गेलेत. इथं शाळेत छत गळलं. कपाटात पाणी गेलं म्हणे, रजिस्टरं वाळत घातलीत. वाळली की दाखला देतील. न दिला तर काय, पुढच्या वर्सी बस. दहावी काय पळून जाती का? मॅडम निवृत्त झाल्या तरी तुझं घर विसरणार नायत.

तो दुसऱ्या शाळेचा पोरगा तुझ्याच गाडीत काऊन आला ते मला कळतं. तुझ्या तोंडाकडं बघून त्याला वाटलं असंल, हा माणूस कोनाला बी हाकलणार नाय.

घटाला उगवण चांगली आली. तुझ्या नावानं नारळ फोडला. जास्त लिवत नाय, पोरीला अभ्यास हाय.

तुझी,
सरूआत्या

(या पाकिटात घडी करून वेगळी चिठ्ठी)

काका, ही चिठ्ठी आजीला माहीत नाही. पहिल्या पत्रातलं हेडमास्तरांचं खरं होतं. आताचं छताचं खोटं आहे. छत गळतं ते आमच्या वर्गाचं, ऑफिसचं नाही. दाखला १८ तारखेलाच मिळाला. आजीने तो ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवलाय. रोज दुपारी काढते आणि मला त्यातली एकच ओळ वाचायला लावते, मग परत ठेवते. कोणती ओळ ते मी सांगणार नाही, तिने गळ्याची शपथ घातली आहे. तू रागावू नको. काल ती जेवली नाही. उत्तर लिहिशील तेव्हा माझं नाव घेऊ नको, कारण पत्र मलाच वाचावं लागतं.
संस्कृती, इयत्ता सातवी

*

पुंडलिकनगर
शुक्रवार, दि. ३ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप सरूआत्यास,
नमस्कार आणि दसऱ्याचं सोनं.

संस्कृती, हा परिच्छेद मनातल्या मनात वाच. तू केलंस ते बरोबर केलंस. शपथ मोडली नाहीस आणि मला कळवलंसही. आता पुढचं मोठ्याने वाच.

आत्या, मी खूप विचार केला. मला वाटतं, दाखला तुझ्याकडे आलेला असावा आणि त्यात काहीतरी असावं, जे वाचून मला वाईट वाटेल असं तुला वाटतं. तसं असेल तर मी आधीच कबूल करतो. आठवीत असताना मी आणि भिल्लवस्तीवरच्या एका पोराने खडूंचा खोका विहिरीत टाकला होता. गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा मी त्याचं सांगितलं, माझं नाही. तेव्हापासून मला धास्ती आहे की वर्तणुकीच्या रकान्यात वाईट असं लिहिलेलं असणार. तसं असलं तर असू दे, ते खरंच आहे. नववीत नापास लिहिलं असलं तरी चालेल, मी पास झालो होतो पण चालेल. जन्मतारीख एक जून असली तरी हरकत नाही. आमच्या शाळेत मॅडमची, दुसऱ्या शिपायांची आणि खिचडीवाल्या मावशींची सगळ्यांचीच एक जून आहे. गुरुजी लोकांनी तेव्हा आख्खी गावं एकाच दिवशी जन्माला घातली.

यापेक्षा वाईट काय असेल ते मला सुचत नाही. काल रात्री आडवा पडल्यावर एकदा वाटलं, मी माझ्या वडिलांचा नाहीच की काय. मग तुझं नाक आठवलं. माझं आणि तुझं नाक एकच आहे, तेव्हा ती शंका गेली.

काहीही असो, तू दाखला पाठव. तू जेवत नाहीस असं मला वाटतं. कुठून कळलं विचारू नकोस. मी इथे आणि तू तिथे, दोघांनीही उपाशी राहून काय होणार? यंदाचं वर्ष गेलं तर मॅडम जातील, आणि दुसऱ्या कुणासमोर घाम पुसत इंग्रजी वाचायची हिंमत माझ्यात नाही. हे तुलाच सांगतो.

तुझ्या उत्तराकडे डोळे लागले आहेत.

तुझा,
गोकुळ

*

कवठेवाडी
मंगळवार, ७ ऑक्टोबर

गोकुळ बाळा,

या पाकिटात दाखला हाय. आधी पत्र ऐक, मंग तो उघड. उघडला असशील तर बाजूला ठेव.

वर्तणूक चांगली लिवली हाय. खडूचं गुरुजींना कळलंच नव्हतं. आता मला कळलं. दिवाळीला आलास की कान पिळते.

दाखल्यात आईचं नाव हाय तिथं सरूबाई लिवलंय. तुझी आई गोजर. तिचा फोटू भिंतीवर हाय, दर पितरपाटात तू तिला हार घालतो. ती गेली तव्हा तू तीन वर्साचा व्हतास. तुझा बाप ट्रकवर, म्हणून तुला शाळेत घालायला मी नेलं. गुरुजींनी आईचं नाव विचारलं अन् मी माझं सांगितलं. बस. दुसरं काय नाय. मेलेल्या माणसाचं नाव खोडून मी तिथं जाऊन बसले. प्रगतिपुस्तकावर आईचं नाव नसायचं, म्हणून कुणाला कळलं नाय, अन् मी बी सांगितलं नाय. वाटलं, पोरगं शाळा शिकून निघून जाईल, कोण बघतंय. तू दाखला मागितला अन् मला तो दिवस आठवला.

काल मी हेडमास्तरांकडं गेले. सगळं सांगितलं. ते म्हणले, सुधारता येतं, पण अर्ज, गोजर गेल्याचा दाखला, शिक्षण खात्याची मंजुरी, उन्हाळ्यापर्यंत चालंल. म्हणजे यंदाची परीक्षा जाती. मी त्यांना म्हणले, मी इथंच बसते, तुम्ही आत्ताच खोडा. ते म्हणले मावशी असं खोडता येत नाय.

मला इचारशील तर थांब अन् सुधरून घे. जन्मभर छापून येनार म्हणतोस. तू टाकीचं झाकण बी वाकडं राहू देत नाय, तुला हे सलत राहील. अन् लोक म्हणतील सरूनं भावजयीचं पोर नावावर लावून घेतलं. म्हणू दे. पण तू म्हणू नको.

पोरगी लिवताना रडती, अक्षर फुटलंय. माझं काय बी नाय झालं. आज जेवले.

सरूआत्या

*

पुंडलिकनगर
मंगळवार, दि. १४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप सरूआत्यास,
गोकुळचा साष्टांग नमस्कार.

दाखला शुक्रवारी पोचला. मी तो खिचडीच्या खोलीत बसून उघडला. तू सांगितल्याप्रमाणे पत्र आधी वाचलं.

शनिवारी आनंदनगरी होती म्हणून विचार करायला वेळ मिळाला नाही, ते बरंच झालं. भेळ अर्ध्या तासात संपली. आकाशने उरलेल्या चिंचेच्या पाण्याचं सरबत म्हणून नाव बदललं आणि तेही संपवलं. उजमाच्या आईने माझ्यासाठी डबाभर शीरखुर्मा वेगळा ठेवला होता. शेगडी कुणी आणली नाही. एकाने इस्त्री आणली होती, पापड भाजायला.

रविवारी दिवसभर दाखला समोर ठेवून बसलो. मला चूक सहन होत नाही हे तुझं खरं आहे. मी वहीचं पान घेऊन एका बाजूला थांबण्याची कारणं आणि दुसऱ्या बाजूला न थांबण्याची कारणं लिहायला बसलो. पण आत्या, कारणं लिहिताना हात थांबला. त्या नावाकडे मी चूक म्हणून बघायचा प्रयत्न करत होतो आणि ते मला चूक दिसत नव्हतं. पुन्हा पुन्हा बघितलं.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या, थांबायचं असेल तर मी निवृत्तीनंतरही घरी शिकवीन, ती काळजी करू नकोस. मग त्यांनी फॉर्म कॉम्प्युटरवर उघडला आणि माझ्या हातात माऊस दिला. शेवटी एक ओळ असते, की वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. तिथे मी बराच वेळ अडलो. मॅडम म्हणाल्या, गोकुळ, इथे खात्याच्या माहितीप्रमाणे असं लिहिलेलं नाही, तुझ्या माहितीप्रमाणे लिहिलं आहे. आत्या, मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तू मला पाठीवर घेऊन फाट्यापर्यंत पायी गेली होतीस. मला ती पाठ आठवते, तुझ्या चोळीला शेणाचा वास येत होता तोही आठवतो. माझी माहिती एवढीच आहे.

मी आईचं नाव सरूबाई भरलं. फॉर्म गेला. आज पावती मिळाली आणि मूळ कागद बाहेरून बसणाऱ्यांसाठी नेमलेल्या संपर्क शाळेत जमा केले. परीक्षा फेब्रुवारीत आहे.

आता एक मागणं. गोजरआईचं माझ्याजवळ त्या फोटोशिवाय काही नाही. तिचं नाव कागदावर आलं नाही, तर निदान मला ती माहीत तरी असावी. ती कशी होती ते कळव. खरं कळव, पितरपाटात सांगतात तसं नको. आणि शाळेत नाव घालताना तू तुझं नाव का सांगितलंस, तेही सांगावंसं वाटलं तर सांग. नाही सांगितलंस तरी मी विचारणार नाही.

मुलांना कळलं आहे. कसं ते विचारू नकोस, उजमा ऑफिसच्या खिडकीखाली असते. ती मला इंग्रजीचं स्पेलिंग घालणार आहे, रोज दहा.

सुटी शनिवारी लागते. रविवारच्या गाडीने येतो. हे पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून आजच टाकतो.

तुझा,
गोकुळ

*

कवठेवाडी
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

चि. गोकुळला अनेक आशीर्वाद.

पत्र आजच आलं. तू रविवारी येनार, तरी लिवते. तोंडावर मला हे सांगता येनार नाय. कृष्णा उद्या सकाळी शहरात येतोय, त्याच्या हाती देते. गाडीत बसून वाच.

गोजरचं अन् माझं पटत नव्हतं. तू खरं सांग म्हणला म्हणून सांगते. ती भांडकुदळ व्हती अन् मी बी कमी नव्हते. एकदा एका कढईवरून आम्ही दोघी चार महिने बोललो नाय. पण ती हसायची लई मोठ्यानं. वाटेनं जाणारा माणूस थांबून बघायचा. तिला वाचता येत व्हतं, चौथी शिकलेली. बाजारातून भजी आणली की ती आधी पुडीचा कागद वाचायची, मंग भजी खायची, तोवर ती गार व्हायची. तुझा बाप चिडायचा. तुला कागद हातात आला की तू मागून पुढून वाचतो ना, ते तिचं हाय. माझं नाक हाय फक्त.

आता दुसरं. मागल्या पत्रात मी लिवलं की गुरुजींनी विचारलं अन् मी माझं नाव सांगितलं. ते तसं नव्हतं.

तू सहा वर्साचा. नवा सदरा घालून माझ्या मागं उभा व्हतास. मला तू आत्याच म्हणायचास, पहिल्यापासून. गुरुजी तुलाच बोलले, काय रे, तुझी आई कुठंय? मला वाटलं आता रडतो. मी तोंड उघडणार, तर तू माझा पदर धरला अन् म्हणालास, ही काय. गुरुजींनी मला नाव इचारलं. मी सरूबाई सांगितलं. ते माझंच नाव हाय, ते मी खरंच सांगितलं. त्यांनी कुठल्या रकान्यात लिवलं ते मला दिसलं, वाचता येत नव्हतं तरी कळलं. अन् मी नाय म्हणाले नाय.

घरी येऊन तो फोटू मी भिंतीकडं तोंड करून ठेवला. आठ दिवस. मंग सरळ केला.

हे तुला आधी सांगितलं नाय, कारण तुला वाटलं असतं की मीच माझ्या आईला इसरलो. तू तसा हायेस, तू ते धरून बसला असतास. म्हणून म्हटलं माझ्या अंगावर घ्यावं. पण तू विचारलंस, अन् फॉर्म बी भरून मोकळा झालास, तर आता खरं काय ते तुझ्याजवळ असू दे. तू चूक केली नाय. गोजर असती तर मला म्हणाली असती, सरू, आता भोग. मी भोगते हाय. बरं चाललंय.

रविवारी येताना सोयगावात उतरून फळं बिळं घेत बसू नको, सरळ घरी ये. इंग्रजीचं पुस्तक आन. संस्कृती घेते तुझी उजळणी. मी ऐकत बसंन, मला काय कळत नाय म्हणून तुला घाम यायचं कारण नाय.

तुझी,
सरूआत्या

(काका, खाली सहीच्या जागी काय लिहू असं मी आजीला विचारलं. तिने मला सगळं पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, आत्याच लिही, एकदम बदललं तर त्याला वाटेल पत्र दुसऱ्याच घरचं आलं.)